आबांचा हट्टी वस्तरा

गावाकडून सुरतेला आलेल्या आपल्या बहुतेक घरांत माळ्यावर एक पत्र्याची पेटी असतेच. नवागामच्या आमच्या घरातल्या पेटीत या दिवाळीच्या साफसफाईत आबांची धोकटी सापडली. आत कंगवा, कात्री, चामड्याचा पट्टा आणि गंजलेला वस्तरा. पात्यावर 'सोलिंगेन' कोरलेलं. सोलिंगेन हे जर्मनीतलं सुऱ्या-वस्तऱ्यांचं प्रसिद्ध गाव. या नावाच्या वापराला तिथे १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे.

पप्पा म्हणाले, "भंगारात टाक." आबा काहीच बोलले नाहीत. याच वस्तऱ्यावर त्यांनी घर उभं केलं होतं. मी म्हटलं, "मी धार लावतो."

हे बोलणं सोपं होतं. गंज काढून मी १०००, ४००० आणि ८००० नंबरच्या दगडांवर पाणी टाकून आठवडाभर वस्तरा घासला. पातं आरशासारखं चमकलं, पण हातावरचा एक केस कापेना.

आबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी दगडावरून नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "हा मधे बसला आहे." मी दगडावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासला. कडेच्या रेघा गेल्या, मधल्या तशाच राहिल्या. म्हणजे दगडात खळगा होता. सगळ्या रेघा पुसेपर्यंत घासल्यावर तो सपाट झाला.

तरी वस्तरा ऐकेना. मग मी धारेवर मार्करची शाई लावून दगडावर दोन हलके हात मारले. एका बाजूची शाई पूर्ण गेली, दुसऱ्या बाजूला मधोमध तशीच राहिली. पातं किंचित वाकलेलं होतं. आतल्या बाजूची मधली धार दगडाला टेकतच नव्हती. चमक आली होती ती भलत्याच ठिकाणी!

यावर आबांचा उपाय साधा होता: दगडाची पूर्ण रुंदी वापरायची नाही. दगडाच्या कडेजवळच्या अरुंद भागावर, मुठीकडून टोकाकडे तिरपा हात चालवायचा, म्हणजे मधला भागही टेकतो. पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागलेल्या हव्यात, कारण धारेचा कोन पाठीच्या जाडीवरच ठरतो. पाठ उचलली की कोन बिघडला. आणि जोर अजिबात द्यायचा नाही. जोर दिला की पातळ पातं वाकतं.

शेवटची अडचण शेजारच्या काकांनी पकडली. ते वराछ्याला हिऱ्याच्या कारखान्यात जातात. त्यांच्या दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून धारेवर गंजाने पडलेले बारीक खड्डे दिसले. ते ८००० च्या दगडाने जाणारे नव्हतेच. पुन्हा १००० वर गेलो. खड्डे संपून हातावरचे केस निघू लागेपर्यंत पुढच्या दगडाला हात लावला नाही. माझी मूळ चूक हीच होती: पाया कच्चा ठेवून पॉलिश करत बसलो होतो.

शेवटी चामड्याचा पट्टा. दगडावर धार पुढे चालते, पट्ट्यावर पाठ पुढे. हे उलटं झालं तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. वळवताना वस्तरा पाठीवरच फिरवायचा.

तुमच्याही घरी असा वस्तरा निघाला तर धार अंगठ्याने तपासू नका. तो एकानेच वापरावा, कारण रक्तातून आजार पसरतात. म्हणून तर सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा असतो. दाढीला बसलात की नवं ब्लेड आपल्यासमोर लावायला सांगा.

रविवारी आधी स्वतःच्या गालावर वस्तरा चालवून पाहिला. मग तो उकळत्या पाण्याने धुतला, स्पिरिटने पुसला आणि आबांच्या गालाला साबण लावला. माझा हात थरथरत होता. आबांनी मान वर केली आणि डोळे मिटून घेतले. पप्पा दारात उभे राहून बघत होते.

दाढी झाल्यावर आबांनी गालावरून उलटा हात फिरवला आणि आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "आते बरं शे."

वस्तरा आता माळ्यावर नाही. तेलाचं बोट फिरवून, कोरड्या फडक्यात गुंडाळून आबांच्या उशाशी ठेवला आहे.