कार सीट बदलण्याची घाई कशाला?

बाळाचा पहिला वाढदिवस झाला की घरात दोन विषय हमखास निघतात. एक जावळाचा आणि दुसरा, दारात मोटार असेल तर, कार सीटचा. 'किती अवघडून बसतो बिचारा, पाय दुमडतात त्याचे, आता पुढे तोंड करून बसवा,' असे आजी म्हणते. मागे तोंड करून बसलेल्या नातवाला रस्त्यावरचे काहीच दिसत नाही, म्हणून आजोबा दुजोरा देतात. आईबाबांनाही ते पटते, कारण मोठ्या सीटवर बसणे ही मूल मोठे झाल्याची पावती वाटते. शाळेत वरच्या वर्गात जाण्यासारखेच काहीसे.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कार सीटच्या बाबतीत वरची प्रत्येक पायरी मुलाचे संरक्षण थोडेसे कमी करणारी असते. म्हणून 'आता बदलता येईल का?' यापेक्षा 'अजून काही महिने न बदलता भागेल का?' हा प्रश्न अधिक योग्य.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार समोरून आदळली, तर आत मोकळ्या बसलेल्या व्यक्तीला बसणारा तडाखा सुमारे तीन मजल्यांवरून खाली पडण्याइतका असतो. दहा किलोंचे बाळ मांडीवर असेल, तर सेकंदाच्या दहाव्या हिश्शात त्याला थोपवण्यासाठी हातांना जवळजवळ १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लावावा लागेल. मायेला सीमा नसते, मनगटांना असते. त्यातच तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असते आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, त्यांचा बराच भाग कूर्चेचा असतो. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे धड पट्ट्यांनी अडते, पण ते जड डोके पुढे झेपावते आणि सारा ताण मानेवर येतो. तेच मूल मागे तोंड करून बसले असेल, तर डोके, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत रुततात आणि धक्का सर्वत्र वाटला जातो.

ही कल्पना स्वीडनची. बर्टिल आल्डमन या संशोधकाने जेमिनी मोहिमेतील अंतराळवीरांना उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेऊन बसवतात हे पाहिले आणि मुलांसाठी तसेच आसन तयार केले. १९६४ मध्ये त्याचा पहिला नमुना व्होल्व्हो मोटारीत तपासला गेला. त्या देशात साधारण चार वर्षांपर्यंतची मुले सहसा मागे तोंड करूनच प्रवास करतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. अमेरिकेला हे पटायला वेळ लागला. तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना २०११ पूर्वी एक वर्ष आणि २० पौंड अशी किमान मर्यादा सांगत असे. २०११ मध्ये ती दोन वर्षांवर गेली. २०१८ मध्ये वयाचा आकडाच काढून टाकण्यात आला आणि सीटची कमाल उंची किंवा वजन गाठेपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसावे, असे सांगण्यात आले. दोन वर्षांच्या आकड्याला ज्या अभ्यासाचा आधार होता, त्याच्या आकडेमोडीत दोष आढळल्याने तो मागे घ्यावा लागला होता. पण शरीरशास्त्र आणि स्वीडनचा अनुभव मात्र जागेवरच राहिले. न्यू जर्सीतला भाऊ एक सांगतो आणि ठाण्यातली मैत्रीण दुसरे, यामागे बहुधा हाच बदलता इतिहास असतो. दोघेही आपापल्या मुलाच्या वेळचे नियम सांगत असतात.

आता आपल्याकडच्या सीटकडे वळू. भारतातील एआयएस-०७२ हे मानक युरोपच्या जुन्या आर-४४ नियमावलीच्या धर्तीवर असल्याने सीटच्या लेबलवर वजनाचे गट दिसतात. तान्ह्यांसाठी १३ किलोंपर्यंत, त्यापुढची ९ ते १८ आणि बूस्टर १५ ते ३६ किलो. यातली गंमत अशी की हे गट एकमेकांवर चढलेले आहेत आणि गोंधळ नेमका तेथेच होतो. बाळ ९ किलोंचे झाले की पालक दुकान गाठतात. पण ९ किलो ही परवानगी आहे, मुहूर्त नव्हे. मूल १३ किलोंपर्यंत जुन्या सीटवर राहू शकते. युरोपच्या नव्या आर-१२९ नियमांनी हा गोंधळ ओळखून उंचीचा हिशेब आणला आणि १५ महिन्यांपूर्वी पुढे तोंड करण्यास सरळ मनाई केली.

दोन वर्षांच्या मुलाचे वजन सरासरी १२ किलोंच्या आसपास असते आणि आपल्याकडची पुष्कळ मुले त्याहून सडसडीत असतात. त्यामुळे वजनाची मर्यादा बरेचदा गाठलीच जात नाही. आधी संपते ती उंची. डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर आला, की ती सीट लहान झाली असे समजावे. पाय पाठीला टेकणे ही खूण नव्हे. मुले मांडी घालतात, पाय वर टाकतात, त्यांना त्याचे काही वाटत नाही. पहिली सीट उंचीला अपुरी पडली, तरी लगेच तोंड फिरवण्याचे कारण नाही. दोन्ही दिशांना बसवता येणाऱ्या सीट मिळतात आणि त्यांतल्या काही १८ किलोंपर्यंत मागे तोंड करून वापरता येतात. खरी अडचण लहान मोटारीची. अशी सीट बसवली की पुढची सीट पुढे सरकवावी लागते आणि उंच बाबांचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. खरेदीपूर्वी स्वतःच्या गाडीत सीट बसवून पाहणे म्हणूनच आवश्यक. पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर, मागे तोंड केलेली सीट मात्र कधीही ठेवू नये. फुगणारी एअरबॅग सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

पुढे तोंड केल्यावर पाच बिंदूंच्या पट्ट्यांची सीट शक्य तितकी लांबवावी. खांदे पट्ट्यांच्या सर्वांत वरच्या खाचेच्याही वर गेले किंवा वजनाची मर्यादा संपली, म्हणजे तिचे दिवस भरले.

बूस्टरच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. धाकट्याला सीट हवी होती म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलीला बूस्टर दिला. वजन १५ किलो भरले होते, म्हणजे कागदोपत्री सारे ठीक. पुण्याहून मुंबईला निघालो. लोणावळा सोडेपर्यंत ती ऐटीत बसली होती. घाट उतरताना मागे पाहिले तर झोपेत एका बाजूला कलंडलेली, खांद्याचा पट्टा गळ्यावर आणि कमरेचा पोटावर. उरलेला रस्ता मी मागे बसून तिला सरळ धरून काढला आणि त्याच आठवड्यात दुसरी सीट आणली. बूस्टर स्वतः मुलाला धरून ठेवत नाही. तो फक्त त्याला उंच करून मोठ्यांचा पट्टा योग्य जागी आणतो. म्हणून मूल सबंध प्रवासभर, झोपेतही, सरळ बसू शकते का, हे वजनाइतकेच महत्त्वाचे. बहुतेकांना ते पाच वर्षांच्या सुमारास साधते.

बूस्टर सोडण्याची घाई तर सर्वांत जास्त होते, कारण मूल आता शाळेत जाते आणि मित्रांपुढे त्याला लाज वाटते. पण लहान मुलांच्या कमरेच्या हाडांचे पुढचे उंचवटे पुरेसे वाढलेले नसतात. पट्टा त्यांवर अडकून राहण्याऐवजी सरकून पोटावर येतो आणि अपघातात आतडी व कण्याला इजा होते. पाठ सीटला पूर्ण टेकवून गुडघे कडेवर सहज वाकतात का, खालचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी बसतो का, वरचा मानेऐवजी खांद्याच्या मध्यावरून जातो का, हे पाहावे. यांपैकी एकही उत्तर 'नाही' असेल तर बूस्टर हवाच. साधारण १४५ सेंटिमीटर उंचीला हे जमते, म्हणजे अनेक मुलांच्या बाबतीत अकरावे-बारावे वर्ष उजाडते. शिवाय आईच्या मोटारीत जमले म्हणून काकांच्या मोटारीत जमेलच असे नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९४ बनुसार चौदा वर्षांखालील मूल सीट बेल्ट किंवा बालसुरक्षा आसनाविना असेल, तर एक हजार रुपये दंड आहे. कोणत्या उंचीला कोणते आसन, हे तो कलमात सांगत नाही. ते पालकांनीच ठरवायचे.

नात्यातून आलेल्या जुन्या सीटविषयी एक सूचना. तिच्या तळाशी किंवा पाठीमागे उत्पादनाची, बहुधा मुदतीचीही तारीख असते. ती उलटून गेली असेल, किंवा ती सीट एखाद्या अपघातातून गेलेली असेल, तर कितीही नवी दिसली तरी स्वीकारू नये. आणि तिचा इतिहास ठाऊक नसलेल्याने विकतही घेऊ नये.