हा ट्रम्पेट कुणी वाजवला? ‘थोर’ माणसांपासून संशोधनाच्या प्रश्नापर्यंत

पेट निघाली, गाइड मिळाले आणि आता सिनॉप्सिस लिहायचाय. अशा वेळी बहुतेकांच्या वहीत पहिलं शीर्षक उमटतं ते असं: ‘अमुक क्षेत्रातील थोर व्यक्ती : एक अभ्यास’. शीर्षक भारदस्त दिसतं. पण मुलाखतीत पॅनेलवरच्या मॅडम शांतपणे विचारतात, “थोर कशावरून?” आणि गाडी तिथेच अडते.

‘थोर’ हा शब्द वाईट नाही. पण तो संशोधनाच्या शेवटी आला तर शोभतो. सुरुवातीला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या माणसाबद्दल आपल्याला जे माहीत आहे, ते आपल्यापर्यंत पोचलं कसं? आज हा प्रश्न एकाच उदाहरणावर चालवून बघू. उदाहरण आहे ट्रम्पेटचं. वसईच्या किल्ल्याला लागून, खाडीच्या तोंडाशी पाचूबंदर हे कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती लग्नांत वाजणाऱ्या ब्रास बँडवर मी सध्या काम करतेय, त्यामुळे हे उदाहरण रोज डोक्यात असतं. संगीत येत नसलं तरी काही बिघडत नाही. लागेल तेवढं इथेच सांगते.

आधी वाद्य समजून घ्या

ट्रम्पेट म्हणजे मुळात एक लांब पितळी नळी. मिटलेल्या ओठांमधून हवा सोडली की ओठ थरथरतात आणि नळीतली हवा गुंजायला लागते. नळीची लांबी बदलता येत नसेल तर तिच्यातून वाटेल तो स्वर निघत नाही, ठरावीकच निघतात. परेडमधला बिगुल आठवा. सगळ्या धून चार-पाच स्वरांतच फिरतात. खालच्या बाजूला हे स्वर एकमेकांपासून लांब असतात आणि वर जाल तसे जवळ येतात. म्हणजे साध्या नळीवर सलग चाल वाजवायची तर अगदी वरच्या टोकाला जाऊन वाजवावं लागतं, आणि ते ओठांच्या ताकदीचं काम आहे.

ही अडचण १९व्या शतकाच्या सुरुवातीला सुटली. श्टोल्झेल आणि ब्लूमेल या दोन जर्मन वादकांनी १८१८ मध्ये व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. आजच्या ट्रम्पेटवर बोटांनी दाबायचे तीन व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्ह दाबला की हवा एका जादा नळीतून फिरून जाते, नळी लांब होते आणि स्वर उतरतो: मधल्याने अर्धा स्वर, पहिल्याने एक, तिसऱ्याने दीड. तिघांच्या जोड्या लावल्या की सगळे स्वर हाताशी येतात.

१८१८ हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाव कुठल्या पुराव्यावर टिकलं?

आता ट्रम्पेटच्या इतिहासातली काही मोठी नावं घेऊ आणि प्रत्येकापुढे ‘पुरावा काय?’ असं लिहू.

गॉटफ्रीड रायख (१६६७–१७३४) हे लाइप्झिगमध्ये बाखचे प्रमुख ट्रम्पेटवादक. व्हॉल्व्ह नाही, रेकॉर्डिंग तर नाहीच. मग ते किती तयारीचे होते, हे कशावरून कळतं? बाखने तिथे ट्रम्पेटसाठी लिहिलेल्या स्वरलिपीवरून. इतकं उंच आणि अवघड काही लिहिलंय, म्हणजे ते वाजवणारं कुणीतरी समोर बसलेलं होतं. हा अप्रत्यक्ष पुरावा झाला, पण भक्कम.

आंटोन वायडिंगर यांनी व्हिएन्नात नळीला भोकं आणि त्यांवर चाव्या असलेला ट्रम्पेट तयार केला. त्याच्यासाठी हायडनने १७९६ मध्ये कॉन्चेर्टो लिहिला आणि १८०० मध्ये वायडिंगर यांनी तो लोकांसमोर वाजवला. चाव्यांचं ते वाद्य पुढे मागे पडलं, पण कॉन्चेर्टो आजही ट्रम्पेटच्या विद्यार्थ्याला वाजवावाच लागतो. वादकाचं नाव इथे एका रचनेला धरून टिकलं.

लुई आर्मस्ट्राँग (१९०१–१९७१) यांच्यासाठी तबकडी आहे. ‘वेस्ट एंड ब्लूज’ या १९२८ च्या रेकॉर्डिंगची सुरुवात ते साथीशिवाय एकट्याच्या ट्रम्पेटने करतात. ते काही सेकंद आज तुम्ही फोनवर ऐकू शकता. तिथे जे वाजलं ते कागदावर लिहिलेलं वाजवणं नव्हतं. जॅझमध्ये वादकाचा स्वतःचा आवाज आणि जागेवर सुचलेली चाल मोजली जाते. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात लिहिलेला प्रत्येक स्वर स्वच्छ आणि एकसारखा येणं मोजलं जातं. फ्रान्सचे मोरिस आंद्रे (१९३३–२०१२) त्या मापाने अव्वल. विंटन मार्सालिस दोन्हीकडचे: एकाच वर्षी जॅझ आणि शास्त्रीय अशा दोन्ही विभागांत त्यांना ग्रॅमी मिळालं.

या यादीतून दोन गोष्टी हाती लागतात. एक, ‘थोर’ ठरवायचं माप प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. दोन, ज्याच्यासाठी कुणी लिहिलं किंवा ज्याचं रेकॉर्डिंग झालं, तोच यादीत शिरला. दुसऱ्या मुद्द्यापाशी जरा थांबा, खरा संशोधन-प्रश्न तिथे आहे.

मुंबईत काय झालं?

आंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ मध्ये गोव्यातल्या अल्दोन्याला झाला. मुंबईत ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा आणि त्यांना ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणायचे. १९३०च्या दशकात ताजमध्ये आफ्रिकन-अमेरिकन वादकांचे बँड येत होते. गोव्याचे तरुण त्यांना ऐकत होते, त्यांच्यासोबत वाजवतही होते. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचायला शिकवत. ती विद्या हॉटेलात उपयोगी पडली आणि नंतर सिनेमाच्या स्टुडिओत तर फारच.

पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांच्याकडे चिक चॉकलेट सहायक होते. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) ते बँडसह पडद्यावरही दिसतात. ‘अलबेला’ची गाणी आपल्या घराघरात माहीत आहेत. भगवानदादांचा नाच माहीत आहे, लताबाई माहीत आहेत. ट्रम्पेट कुणाचा, हे विचारून बघा!

चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेले. त्यांचं नाव का टिकलं? बँड त्यांच्या नावाचा होता, तबकड्या निघाल्या, पडद्यावर चेहरा आला. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हेही मुंबईतले नावाजलेले ट्रम्पेटवादक. त्यांचं नाव टिकायला ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) या कोंकणी चित्रपटांची मोठी मदत झाली, कारण ते त्यांनी काढले होते. पण स्टुडिओत त्यांच्या शेजारी बसून वाजवणाऱ्यांचं काय? गाण्याच्या तबकडीवर चित्रपट, गायक, संगीतकार यांची नावं यायची. वादकाचं नाव क्वचितच.

ही पोकळी संशोधकांच्या लक्षात आली. ग्रेगरी बूथ यांनी स्टुडिओतल्या वादकांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) लिहिलं. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये मुंबईच्या जॅझचा इतिहास आहे. ‘थोर वादक कोण?’ याच्या पुढे जाऊन ‘हे काम कुणी केलं, आणि त्याचं नाव का नाही?’ असं विचारलं की विषय कसा उघडतो, ते या पुस्तकांत दिसतं.

एकही रेकॉर्डिंग नसेल तर?

इथे न्यू ऑर्लिन्सचं एक उदाहरण फार कामाचं आहे. बडी बोल्डन (१८७७–१९३१) कॉर्नेट वाजवायचे. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं आखूड, जरा मऊ आवाजाचं भावंड. जॅझच्या अगदी सुरुवातीच्या वादकांत त्यांचं नाव घेतात. पण त्यांचं एकही रेकॉर्डिंग आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये ते मनोरुग्णालयात गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. नाव टिकलं ते सोबत वाजवलेल्यांच्या आठवणींवर.

आठवणींना फांद्या फुटतात. बोल्डन यांचं केशकर्तनालय होतं, ते गावगप्पांचं एक पत्रक छापायचे, असं वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलं गेलं. डोनाल्ड मार्क्विस यांनी शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या, चर्चची नोंदवही, रुग्णालयाची कागदपत्रं शोधली आणि १९७८ मध्ये पुस्तक काढलं. दुकान आणि पत्रक यांना आधार मिळाला नाही. पण बोल्डन नावाचा वादक होता, कुठे राहत होता, कधी जन्मला, हे पक्कं झालं. आठवणी फेकून दिल्या नाहीत आणि जशाच्या तशा गिळल्याही नाहीत. प्रत्येक दावा सुटा करून तपासला.

आता पाचूबंदरात

इथे काम सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात एक तयार उत्तर हातात पडतं: “वसईत पोर्तुगीज होते, म्हणून इथे बँड आहे.” ऐकायला सोपं वाटतं. आता मघाचं साल काढा. पोर्तुगीजांकडे वसई १५३४ मध्ये आली आणि चिमाजी अप्पांनी ती १७३९ मध्ये जिंकली. व्हॉल्व्हचं पेटंट १८१८ चं. म्हणजे आज लग्नात वाजतो तो तीन व्हॉल्व्हचा ट्रम्पेट पोर्तुगीजांबरोबर येणं शक्यच नाही. चर्चमधल्या गाण्याची परंपरा मागून चालत आलेली असू शकते, पण वाद्य नंतरचं आहे. भारतातल्या लग्नाच्या बँडचं मूळ बूथ ‘ब्रास बाजा’मध्ये (२००५) ब्रिटिश काळातल्या लष्करी बँडपर्यंत नेतात. तेव्हा विचारायचं ते हे: दोन वेगवेगळ्या काळांत आलेल्या गोष्टी इथे एकत्र कधी आल्या, आणि कुणी आणल्या? बघा, एका तारखेने तयार उत्तर मोडलं आणि त्याच्या जागी चांगला प्रश्न मिळाला.

वसईच्या किल्ल्यातली एक घंटा वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे, म्हणून ती कुठेही गेली तरी ओळख सांगते. वाजून गेलेल्या ट्रम्पेटवर असं काही कोरलेलं नसतं. तिथे माणसांकडेच जावं लागतं.

समजा, एखादे आजोबा तुम्हाला म्हणाले, “अमक्या सिनेमात ट्रम्पेट माझ्या बापानं वाजवलाय.” काय कराल? ‘पुरावा नाही’ म्हणून वही मिटू नका. ‘प्रसिद्ध गाण्यात पाचूबंदरचा वादक’ असं शीर्षकही ठोकू नका. दाव्याचे तुकडे करा. वडील ट्रम्पेट वाजवायचे का? फोटो, वाद्य, बँडची पावती, लग्नाची पत्रिका यांतून ते कळेल. त्या वर्षांत ते मुंबईला जायचे का? कुणासोबत? कोणत्या स्टुडिओत? शेवटी ते गाणं. चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंद वय पक्कं करते. त्यावरून त्या साली वाजवणं शक्य होतं की नाही एवढं तरी ठरतं. मग प्रबंधात स्पष्ट लिहा: हे कागदावर आहे, हे दोन माणसांनी स्वतंत्रपणे सांगितलं, हे फक्त घरातली आठवण म्हणून नोंदवलं आहे. तीन पायऱ्या, तिन्ही वाचकाला दिसल्या पाहिजेत.

आणि हो, मुलाखतीआधी संमती घ्या. नाव छापायचं की नाही ते त्या घराला ठरवू दे. काहींना नाव हवंच असतं, कारण आजवर ते कुठेच आलेलं नाही. अशा ठिकाणी ‘वादक क्र. ४’ असं लिहिलं, तर तबकडीवाल्यांनी जे केलं तेच आपण परत केलं.

तुमच्या विषयासाठी

तुमचा विषय नाट्यसंगीत असो, कुस्ती असो की मच्छीमार सहकारी सोसायट्या, सिनॉप्सिसच्या आधी कोऱ्या कागदावर एवढं लिहून बघा:

१. ज्यांना मी ‘महत्त्वाचे’ म्हणतोय, त्यांची नावं कोणत्या प्रकारच्या पुराव्यामुळे टिकली?
२. त्याच कामात होते पण त्या पुराव्यात आले नाहीत, असे कोण?
३. माझ्या डोक्यातलं तयार उत्तर कोणत्या एका तारखेने किंवा आकड्याने मोडू शकेल?
४. ज्यांच्याकडे फक्त आठवण आहे, ती माणसं आज किती वर्षांची आहेत?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ऐंशीच्या पुढे असेल, तर ग्रंथालय पुढच्या महिन्यात करा. पुस्तकं थांबतील. आधी त्या घरी जा, रेकॉर्डर चार्ज करून न्या, आणि पहिला प्रश्न साधाच विचारा: “तुमच्याबरोबर आणखी कोण कोण वाजवायचं?”