कंपवात : एकटी गोळी पुरत नाही

वस्तीत कुणाचा हात थरथरू लागला की लोक आधी दारूचं नाव घेतात, नाहीतर म्हातारपणाचं. पावलं घासत चालणं, सदऱ्याचं बटण लावायला वेळ लागणं, आवाज बारीक होणं हेही सोबत असेल तर तो कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स असू शकतो. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून हालचाल मंदावते. करणी-बाधा नव्हे.

लेव्होडोपाच्या गोळीने बराच फरक पडतो, पण वेळ पाळली तर. डाळ, अंडी, दूध यांतली प्रथिनं तिच्या आड येतात, म्हणून ती साधारण जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. मळमळ झाली तर डॉक्टरांना विचारा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

तोल आणि गिळणं मात्र गोळीने पुरतं सुधारत नाही. चालण्यासाठी फिजिओथेरपिस्ट, बटण-आंघोळीसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बोलण्या-गिळण्यासाठी स्पीच थेरपिस्ट लागतो. सरकारी दवाखान्यात न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांकडे गेलात तर चिठ्ठीवर हेही लिहून मागा. गर्दीत न मागता मिळेलच असं नाही, हे आम्ही नोकरीत पाहिलंय.

उंबऱ्याशी पाय चिकटल्यासारखे थबकतात. तेव्हा ओढू नका, माणूस पडतो. थांबू द्या, मग एक-दोन मोजा, किंवा जमिनीवरची रेघ ओलांडायला सांगा. आमच्या ओळखीच्या एका घरात नातू आजोबांसाठी खडूने रेघा ओढतो. गोळीच्या वेळा आणि हातपाय कधी जड झाले, तेही तोच वहीत लिहितो. तपासणीला ती वही न्यायची. गोळीची वेळ बदलायची का, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात.