कापसाचा उपकर आणि इंदूरचे सोनखत

शहरांच्या आरोग्याचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्चावा काय, आणि खर्चल्यास त्याचे फळ केव्हा मागावे, हा प्रश्न आजचा वाटत असला तरी होळकरांच्या इंदुरात तो शंभर वर्षांपूर्वीच प्रत्यक्षात उभा राहिला होता.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, प्लेगने गांजलेल्या त्या राजधानीच्या सुधारणेसाठी दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितास पाचारण केले. गेडिस मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. तेव्हा नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ते आखावयाचे आणि आड येतील ती घरे जमीनदोस्त करावयाची, ही तत्कालीन अभियंत्यांची रीत त्यांना रुचणे शक्यच नव्हते. गल्लोगल्ली पायी हिंडून, एखादे पडके घर काढल्याने शेजारच्या दहा घरांना वारा-उजेड मिळत असेल तर तेवढेच काढावे, असा त्यांचा आग्रह. एका दिवाळीत त्यांनी नगरात थाटाची मिरवणूक काढविली. जो भाग घरांची सफाई व डागडुजी अधिक करील त्या भागातून ती जाईल असे आधीच जाहीर केल्यामुळे लोकांनी अहमहमिकेने अंगणे झाडली, भिंती सारविल्या. मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्या पोशाखात, गळ्यात हार घालून चालत होते, आणि प्लेगच्या प्रतीकादाखल केलेल्या भल्याथोरल्या उंदराची प्रतिमा अखेरीस जाळण्यात आली. (आमच्या नगरपालिकांच्या स्वच्छता-सप्ताहांना इतकी कल्पकता क्वचितच सुचते.)

1918 साली दरबारास सादर झालेल्या त्यांच्या दोन खंडांच्या अहवालात एक विचार पुनःपुन्हा येतो: मैला महागड्या नळांनी नदीत लोटण्यापेक्षा तो बागा-मळ्यांकडे वळवावा. विचार उत्तम होता; परंतु मैल्याचे निर्धोक खत व्हावे कसे, याची सिद्ध कृती अहवालाने हाती पडत नाही. तिला प्रयोगशाळा लागते, मजूर लागतात, वर्षे लागतात.

ती वर्षे निराळ्याच वाटेने मिळाली. 1923 च्या कायद्याने कापसाच्या प्रत्येक गासडीमागे किरकोळ उपकर बसविण्यात आला व तो पैसा कापूस-संशोधनासाठी मध्यवर्ती समितीकडे जाऊ लागला. त्यातून, आणि होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे 300 एकर जमिनीवर, कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांची वनस्पती-उद्योग संस्था 1924 मध्ये इंदुरात स्थापन झाली. कापसाला कस हवा, कसाला खत हवे, आणि शेण तर चुलीत जळते, अशा पेचातून हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पिकांचा पालापाचोळा, शेण, मुताने भिजलेली माती व राख यांचे थर उथळ खड्ड्यांत रचून, ओलावा राखून, ठराविक मुदतीने उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत सिद्ध करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसविली. 1931 मध्ये हॉवर्ड व वाड यांचा ग्रंथ निघाला. पुढे 1934 मध्ये जॅक्सन नावाचे संशोधक आणि वाड यांनी हीच पद्धत वस्तीतील मैला व कचरा यांना लावून दाखविली. आमचे शेतकरी ज्याला सोनखत म्हणत आले, त्याला शास्त्राचा आधार मिळाला. ज्यांच्या गासड्यांवर कर बसला त्या व्यापाऱ्यांना शहरी उकिरड्याशी आपला काही संबंध आहे असे स्वप्नातही वाटले नसेल.

आजचे इंदूर स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 2017 पासून वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले. 2022 पासून तेथे दररोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा कारखाना आहे. या यशाचे श्रेय थेट गेडिस-वाड यांच्या पदरी बांधण्याचा मोह मात्र टाळावा. मधल्या काळात बरेच विसरले गेले. लक्षात घ्यावी ती वेगळीच गोष्ट. 2023 मध्ये याच महानगरपालिकेने जलूद येथील सौर प्रकल्पासाठी रोखे विकून 244 कोटी रुपये उभारले, कारण पाणी उपसण्याच्या विजेची बचत हिशेबात दाखविता येते आणि सावकारास व्याज मिळते. वाडांच्या खड्ड्यावर असे रोखे कोणी घेतले असते? जेथे परताव्याची मुदतच सांगता येत नाही तेथे खाजगी भांडवल फिरकत नाही. म्हणून गासडीमागच्या त्या जुन्या उपकराप्रमाणे घरपट्टीतून लहानसा हिस्सा नगर-संशोधनासाठी कायद्याने वेगळा काढावा, आणि हिशेब-तपासनिसाने पैसा कसा खर्चला हे खुशाल विचारावे, दरसाल फळ काय आले हे मात्र विचारू नये.