आडवाटेचे दिवे

मोटारीचे मूळचे दोन दिवे राजमार्गाच्या हिशेबाने घडवलेले असतात. रस्ता समतल असेल, कडा आखलेल्या असतील आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचीही काळजी वाहावी लागेल, हे गृहीत धरून त्यांच्या झोताची मर्यादा ठरते. परंतु वाळवंट, नदीचे कोरडे पात्र किंवा जंगलातली चाकोरी असा मुलूख लागला की हे सारे गृहीतच कोसळते, आणि मग बंपरवर जादा दिव्यांची तजवीज करणे प्राप्त होते. जुन्या लँड रोव्हरच्या आणि जीपच्या नाकावरचे हे जाड काचेचे वाटोळे दिवे आज पुष्कळांना केवळ शोभेचा सरंजाम वाटतात. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे. कारण प्रकाश किती आहे यापेक्षा तो कोठे पडतो याला महत्त्व देणारी जी विद्या, तिची ती अत्यंत परिपक्व फळे होत.

या विद्येचा आरंभ वायूच्या ज्योतीपासून झाला. कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणारा ॲसिटिलीन वायू जाळणारे दिवे विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारींवर असत, आणि १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओने आपल्या उड्डाणाच्या खटाटोपाला लागणारा पैसा मिळवला तो अशाच दिव्यांच्या धंद्यातून. पुढे वीज आली, आणि बर्मिंगहॅमचे लुकास, जर्मनीत लिपश्टाट येथे १८९९ साली स्थापन झालेले आणि पुढे हेला या नावाने प्रसिद्धीस आलेले घराणे, फ्रान्समधले सिबिए आणि काचेवर मांजराचे मुख मिरवणारे मार्शाल या कारखान्यांनी आपापल्या परीने हे शास्त्र वाढवले. फ्रान्सने तर १९३६ च्या हुकुमान्वये मोटारींना पिवळा प्रकाश सक्तीचा केला, आणि तो दंडक १९९३ पर्यंत अमलात होता. त्यामुळे जुन्या फ्रेंच दिव्यांत पिवळी काच किंवा पिवळा बल्ब आढळला, तर तो कोणा शौकिनाचा लहरीपणा नसून सरकारी आज्ञेचा अवशेष असतो.

आडवाटेच्या गाड्यांची कथा मात्र युद्धाने लिहिली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे पुढचे दिवे बिजागरीवर बसवलेले होते. बॉनेट उघडून दिवा उलटा फिरवला की त्याचा उजेड थेट इंजिनावर पडे आणि शिपायाला अंधारात दुरुस्ती करता येई. इतकी साधी आणि इतकी उपकारक योजना यंत्रशास्त्रात क्वचितच पाहायला मिळते. याच जीपची मुलकी भावंडे १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत माझगावला जुळवली जाऊ लागली. १९४८ साली ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर अवतरली, तेव्हा तिचे दिवे पुढच्या लोखंडी जाळीच्या आड दडलेले होते. दगडधोंड्यांपासून काचेचा बचाव होई, परंतु प्रकाश जाळीत अडे, म्हणून काही वर्षांतच ते जाळीबाहेर आणावे लागले.

खरी क्रांती १९६२ साली झाली. त्या वर्षी युरोपात एच-१ हा हॅलोजन बल्ब आला. साध्या बल्बमध्ये तापलेल्या तारेतून टंगस्टन उडून काचेवर काजळी धरते. हॅलोजन वायूच्या सान्निध्यात मात्र ते टंगस्टन फिरून तारेवरच परतते, त्यामुळे तार अधिक तापवता येते आणि बल्बही काळवंडत नाही. एवढ्या उष्णतेला टिकावी म्हणून काच क्वार्ट्झची घ्यावी लागते, आणि तिला उघड्या बोटांनी शिवायचे नसते, कारण त्वचेचा तेलकटपणा राहिलेल्या जागी ती तडकण्याचा संभव असतो.

त्या काळच्या सिबिएच्या ‘सुपर ऑस्कर’ या दिव्याचे उदाहरण घ्यावे. व्यास सुमारे नऊ इंच. आतला रिफ्लेक्टर अन्वस्त वक्राचा. त्याच्या नाभीवर तार अचूक बसली की किरण समांतर होऊन निघतात, आणि तार तीच ठेवून रिफ्लेक्टर मोठा केला की झोत अधिक आवळला जातो, म्हणून हा एवढा थोरला घेर. बल्ब जागेवर राहतो तो तारेच्या एका क्लिपने; ती किंचित वाकडी झाली तरी नाभी चुकते आणि सारा झोत विस्कटतो. शेवटचा संस्कार काचेचा: तिच्या आतल्या अंगाला उभ्या पन्हळी असल्या म्हणजे प्रकाश आडवा पसरतो, आणि काच जवळजवळ सपाट असली म्हणजे तो भाल्यासारखा दूर जातो. धुक्याच्या दिव्याची काच पन्हळींनी भरलेली असते आणि तो बंपरच्या खाली बसवतात, कारण वर गेलेला प्रकाश जलकणांवर आपटून चालकाच्याच डोळ्यांत परततो. पावसाळ्यात रात्री आंबोलीचा घाट चढलेल्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको.

टपावर दिव्यांची रांग लावण्याची प्रथा कॅमल ट्रॉफीसारख्या मोहिमांनी आणि अमेरिकेतल्या वाळवंटी शर्यतींनी लोकप्रिय केली. तिचा डौल मला मान्य आहे, उपयोग मात्र मर्यादित आहे. दिवा खाली असला की त्याचे किरण जमिनीला घासून जातात, खड्ड्याची सावली लांबते आणि खड्डा काळा होऊन दिसतो. दिवा डोळ्यांच्या वर गेला की तीच सावली लपते, जमीन सपाट भासते, शिवाय बॉनेट आणि धूळ उजळून दृष्टी दिपते.

आणि तरीही या दिव्यांची जी निंदा होते, ती बहुधा वायरिंगच्या अपराधामुळे. बल्बपाशी पोचणारा विजेचा दाब दहा टक्क्यांनी उतरला, तर प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. डॅशबोर्डवरच्या बारीक स्विचमधून सारी वीज नेली की हे घडतेच. म्हणून बॅटरीपासून जाड तार, मध्ये फ्यूज, आणि स्विचच्या हुकुमाने जोडणी करणारा रिले, एवढा बंदोबस्त हवा. साठच्या दशकातल्या लँड रोव्हरचा डायनॅमो जेमतेम २२ अँपिअर देई; ५५ वॅटचे दोन दिवे त्यातले नऊ-दहा अँपिअर घेतात, ही जमाखर्चाची बाब विसरून चालत नाही.

या प्रकाशाचा दुरुपयोगही झाला, हे नमूद केले पाहिजे. जीपवरून झोत टाकून, दिपून जागच्या जागी खिळलेल्या जनावराला गोळी घालणे यास शिकार म्हणण्याचा काळ आपल्या रानांनी पाहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा प्रकारांना मनाई केली, ती सर्वथा योग्यच होय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वयेही अपवादात्मक प्रसंगी नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी असल्याशिवाय गाडीच्या पुढे झोतदिवा लावता येत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी किंवा गॅरेजात असा जुना दिवा धूळ खात असेल, त्यांना एवढीच विनंती आहे: तो भंगारात घालू नका. रिफ्लेक्टर फडक्याने पुसू नका, कारण त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर अत्यंत पातळ असतो आणि एका पुसण्यात त्याला कायमचे चरे पडतात. तो गेलाच असेल, तर जाणत्या कारागिराकडून नवा थर चढवून घ्या. रबर बदला, रिले बसवा, आणि सार्वजनिक रस्त्यावर त्यावर झाकण घालूनच गाडी चालवा. काच मात्र जिवापाड जपा. या कंपन्यांचे कित्येक नमुने आता बनत नाहीत, आणि फुटलेली काच पुन्हा मिळत नाही.