अनंत पिवळा का पडला?

आईच्या परड्यातला अनंत कोकणातून सोलापूरला आणला, त्याला चार वर्षं झाली. आई गेल्यावर घरातून मी एवढंच मागून घेतलं होतं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग नवी पानं पिवळी पडायला लागली. शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत घातलं, पेंड घातली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाक." तोही टाकला. आठवड्यात होत्या नव्हत्या त्या कळ्या गळाल्या!

मैत्रिणींनो, दोष खताचा नव्हता, पाण्याचा होता. आमच्याकडे बोअरचं पाणी. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, डाळ लवकर शिजत नाही. असं पाणी अल्कधर्मी असतं. आंबट-अल्क मोजायचं माप म्हणजे सामू. 7 म्हणजे मध्यम, त्याच्या खाली आम्ल, वर अल्क. कोकणची जांभ्याची माती मुळात आम्ल, आणि अनंताला 5 ते 6 सामू मानवतो. मातीचा सामू 7 च्या वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. म्हणूनच कुंडीत गंजके खिळे पुरून काही होत नाही. सोडा तर स्वतःच अल्क. वर त्यातलं सोडियम माती घट्ट करतं. चुलीची राखही अशा झाडाला नको.

आधी पाणी तपासा. लाल जास्वंदीच्या पाच-सहा पाकळ्या अर्धी वाटी उकळत्या फिल्टरच्या पाण्यात भिजवा, जांभळट रंग उतरेल. बादलीतलं थोडं पाणी वाटीत घेऊन त्यात हा रंग चमचाभर घाला. हिरवट झालं तर पाणी अल्कधर्मी समजा. नेमकं मापच हवं असेल तर सामूच्या कागदी पट्ट्या विकत मिळतात.

आता उपाय. लिंबू चालतं, पण दहा लिटरच्या बादलीला दोन-तीन लिंबं लागतात. रोज कोण पिळणार? त्यापेक्षा वाण्याकडचं लिंबूसत्त्व घ्या. बादलीला चहाचा पाव चमचा घालून नीट ढवळा, पुन्हा वाटीत रंग पाहा. हिरवटपणा जाऊन जांभळट छटा राहिली की थांबा. फार जड पाण्याला अर्धा चमचाही लागतो. रंग लालभडक झाला तर जास्त झालं, साधं पाणी मिसळा. सत्त्व कोरडं कुंडीत मात्र कधीही टाकू नका, मुळं जळतात.

याचा परिणाम टिकत नाही, म्हणून दर वेळी पाणी घालताना हे करावं लागतं. कंटाळा येतो, खरं आहे! पावसाळ्यात मी पागोळीखाली पिंप ठेवते, तेवढे दिवस सुटका. नगरपालिकेचं पाणी चांगलं असेल तर या भानगडीत पडूच नका.

पिवळी झालेली जुनी पानं फारशी सुधारत नाहीत, नव्या पालवीकडे लक्ष ठेवा. आमच्या अनंताला दीड महिन्यानं हिरवी पालवी आली. या ज्येष्ठात तीन फुलं आली. पहिलं आईच्या फोटोला वाहिलं.