परतलेले दहा किलो

लठ्ठपणावरच्या ऑपरेशनची जाहिरात बहुतेक वेळा दोन फोटोंची असते, आधीचा आणि नंतरचा. चार-पाच वर्षांनंतरचा तिसरा फोटो सहसा कुणी छापत नाही. समजा, १२० किलोचा माणूस ऑपरेशननंतर दीड वर्षात ८० किलोंवर आला आणि पाचव्या वर्षी काटा पुन्हा ९० दाखवू लागला. घरचे म्हणतात, एवढे पैसे पाण्यात गेले. तो स्वतः काट्यावर उभं राहणं सोडतो आणि हळूहळू डॉक्टरांकडे जाणंही सोडतो, कारण तिथे काटा असतोच. हिशेब मात्र वेगळं सांगतो. गेलेल्या ४० किलोंपैकी ३० अजून गेलेलेच आहेत. मूळ वजनाचा पाव हिस्सा अजून अंगावर नाही. परतलेल्या दहा किलोंना काय नाव द्यायचं, यावर पुढचं सगळं ठरतं. ‘चूक’ म्हटलं की माणूस तोंड लपवतो आणि ‘आजार उलटला’ म्हटलं की तो दवाखान्यात जातो. दुसरं नाव दयेपोटी द्यायचं असं नाही. पुराव्याशी तेच जुळतं. आणि ते एकदा मान्य केलं, की चेन्नईसारख्या शहरात या रुग्णांसाठी काय उभं राहायला हवं, तेही आपोआप स्पष्ट होतं.

पुरावा स्वीडनपासून पाहावा लागतो, कारण इतका दीर्घ माग फार थोड्यांनी काढला आहे. १९८७ साली तिथे सुरू झालेल्या अभ्यासात ऑपरेशन झालेले दोन हजारांवर रुग्ण होते आणि तुलनेला जवळपास तेवढेच ऑपरेशन न झालेले. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं. दहा वर्षांनी पाहिलं तर घट २५ टक्क्यांवर आली होती. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही आलेख तसाच वळतो: दोन वर्षांनी सरासरी ४५ किलोंची घट, सहा वर्षांनी ३६, बारा वर्षांनी ३५. म्हणजे थोडं वजन परत येणं हा या उपचाराच्या वाटेवरचा नेहमीचा टप्पा आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो टप्पा कुठेतरी थांबतोही. हजारो माणसांचा आलेख एकाच जागी वळत असेल, तर त्या सगळ्यांचं मन एकाच वेळी ढिलं पडलं असं म्हणणं फार ताणलेलं होईल.

कारण शरीरात आहे. भारतात सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. घ्रेलिन हे भूक चेतवणारं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. म्हणून सुरुवातीला पोट लहान होतंच, शिवाय भूकही मंदावते, आणि त्या काळात पथ्य पाळणं रुग्णाला सोपं वाटतं. पण जठराची उरलेली नळी वर्षानुवर्षांत सैलावू शकते, भूक थोडीफार परतते आणि हलकं झालेलं शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा जाळतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली ५० जणांवरच्या अभ्यासात दाखवलं होतं, की केवळ आहाराने वजन उतरवल्यावर वर्षभरानेही भुकेची संप्रेरकं चढलेलीच राहतात. ती माणसं ऑपरेशन झालेली नव्हती, पण गेलेलं वजन शरीर विसरत नाही एवढं त्यातून कळतं. ऑपरेशन या आठवणीला बराच काळ दाबून धरतं. ती कायमची पुसून टाकणारं तंत्र अजून कुणाच्या हाती नाही.

म्हणून जाणता डॉक्टर वजन वाढलेल्या रुग्णाच्या हाती लगेच आहाराचा तक्ता देत नाही. आधी तो तारखा विचारतो. सर्वांत कमी वजन कधी होतं, वाढ कधीपासून, त्या सुमारास काय बदललं? इन्सुलिन सुरू झालं का, स्टेरॉइड किंवा मनोविकारावरची एखादी गोळी? थायरॉइड, झोप, बाळंतपण, दारू? बायपासनंतर दारू झपाट्याने चढते, त्यामुळे हा प्रश्न टाळून चालत नाही. मग रक्त तपासलं जातं: हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम. वजन वाढलेलं असतानाही शरीर आतून उपाशी असू शकतं, आणि थकलेला माणूस चालायला जाईल ही अपेक्षाच चुकीची ठरते. रचनेत बिघाड असल्याची शंका आली तरच दुर्बिणीने जठर पाहतात. ताटाची चौकशी या सगळ्यानंतर येते.

चेन्नईत ही चौकशी खास असते. लहान झालेलं जठर कोरड्या, चावून खायच्या अन्नाने लवकर भरतं. मऊ आणि पातळ अन्न मात्र त्यातून सरकून जातं. या शहराचं दिलासा देणारं सगळं खाणं नेमकं मऊ आहे: तुपातलं पोंगल, सांबारात बुडालेली इडली, तयिर सादम म्हणजे दहीभात. त्यात फिल्टर कॉफी. दोन चमचे साखर म्हणजे साधारण ४० कॅलरी. दिवसात चार टंबलर झाले तर नुसत्या साखरेच्याच १६०, दूध वेगळं. संध्याकाळी डब्यातला मुरुक्कू आणि मिक्स्चर येता-जाता तोंडात पडतं. जेवण कुणी म्हणणार नाही असं हे चरणं, आणि काटा बहुतेकदा यानेच वर जातो. यावरचा उपायही याच शहरात मिळतो. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, म्हणून ताटात आधी अंडी, वंजरम म्हणजे आपली सुरमई, पनीर किंवा घट्ट डाळ, आणि भात शेवटी. मरीनावर विकलं जाणारं सुंडल दहीभातापेक्षा या जठराला केव्हाही बरं. जेवताना पाणी नको. चालणं उन्हाआधी, आणि जोडीला स्नायू टिकवणारा वजनांचा व्यायाम. यात उपवास कुठेच नाही. चार-पाच दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर राहून ‘पोट पुन्हा लहान करण्याचे’ जे प्रयोग चालतात, त्यांनी जठर आकसत नाही. चार दिवस पाणी उतरतं आणि पाचव्या दिवशी भूक दुप्पट होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. हे सगळं संप्रेरकांवर ढकललं, तर माणसाची जबाबदारी उरते कुठे? ती उरते, पण तिची जागा बदलते. घ्रेलिन किती स्रवावं हे कुणाच्या हातात नाही. तपासणीला जाणं, कॉफी मोजणं, जीवनसत्त्वाची गोळी न चुकवणं हे हातात आहे. आणि दोषी ठरवलेला माणूस नेमकं हेच टाळतो. दुसरा आक्षेप असा, की वजन परत येणारच असेल तर ऑपरेशन कशाला? स्वीडनच्या त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये सुमारे अकरा वर्षांच्या काळात मृत्यूचं प्रमाण, वय आणि इतर धोके जमेस धरून, २९ टक्क्यांनी कमी होतं. थोडं वजन परत येऊनही हा फायदा शिल्लक राहिला. तिसरा आक्षेप सध्याचा आहे: आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत, मग पाठपुराव्याची कटकट कशाला? औषधं खरोखर उपयोगी आहेत. लंडनमध्ये ऑपरेशनचा पुरेसा गुण न आलेल्या ७० जणांवरच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिराग्लुटाइड या इंजेक्शनाने २४ आठवड्यांत सुमारे ९ टक्के वजन उतरवलं. नुसत्या पथ्य-व्यायामाच्या गटात ते अर्धा टक्काच उतरलं. पण सेमाग्लुटाइड हे अशाच प्रकारचं औषध थांबवलेल्यांनी वर्षभरात गमावलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत मिळवलं, हेही २०२२ मध्ये दिसलं. म्हणजे इंजेक्शनालाही पाठपुरावा लागतोच. दुसऱ्यांदा ऑपरेशन हाही मार्ग आहे, पण त्यात गुंतागुंत पहिल्यापेक्षा जास्त होते. म्हणून तो रचनेतला दोष सापडल्यावर आणि बाकीचं करून पाहिल्यावर घ्यायचा.

खरा अडसर पैशांच्या व्यवस्थेत आहे. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांनुसार बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, अशा रुग्णाच्या ऑपरेशनला पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही. हे चांगलंच झालं. पण बहुतेक पॉलिसींत बाह्यरुग्ण खर्च धरलेला नसतो. पाचव्या वर्षीची आहारतज्ज्ञाची भेट, रक्ततपासणी, गोळ्या यांचा भार रुग्णाच्याच खिशावर पडतो. टेबलावरच्या दोन तासांना पैसे मिळतात, त्यानंतरच्या वीस वर्षांना मिळत नाहीत. तमिळनाडूत हा प्रश्न लहान नाही: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथल्या ४०.४ टक्के स्त्रिया आणि ३७ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले.

गंमत म्हणजे उत्तर याच राज्याने दुसऱ्या आजारांसाठी शोधून ठेवलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ या, म्हणजे लोकांना शोधत जाणाऱ्या वैद्यकसेवेच्या योजनेत आरोग्य स्वयंसेविका घरोघरी जाऊन रक्तदाब आणि साखर तपासतात, गोळ्या पोचवतात. गोळी बंद झाल्यावर साखर चढली तर त्या रुग्णाला कुणी नापास ठरवत नाही आणि गोळीही वाया गेली म्हणत नाही. उपचार पुन्हा चालू होतो. मधुमेह आयुष्यभराचा आहे हे सगळ्यांनी मान्य केलं, म्हणूनच ती स्वयंसेविका दारात उभी राहते. त्याच घरात लठ्ठपणाचं ऑपरेशन झालेलं कुणी असेल, तर तिच्या पिशवीत एक वजनकाटा आणि बी-१२ ची गोळी वाढवायला फारसा खर्च नाही. ती दारात आली की काट्यावर उभं राहायला लाज वाटू नये, एवढं साधलं तरी परतलेले दहा किलो पंधरा होण्याआधी कुणाच्या तरी नजरेस पडतील.